जुनी पिकअप आणि स्टेअरिंगचा दांडा

मोटारगाडीलाही उतरती भाजणी असते. शोरूममधून निघालेली पिकअप पहिली पाचसहा वर्षे शहरातल्या एखाद्या वितरकाकडे, दूधसंघाकडे किंवा वाहतूकदाराकडे राबते. कर्ज फिटते, आरसी बुकावरचा बँकेचा बोजा उतरतो, गाडी विकली जाते. दुसरा मालक जिल्ह्याच्या गावचा असतो, तिसरा तालुक्याच्या आणि चौथा एखाद्या वाडी-तांड्यावरचा. प्रत्येक पायरीवर गाडीची किंमत कमी होत जाते, हे सगळ्यांना दिसते. पण गाडीबरोबर जी सुरक्षा कागदावर बांधून दिलेली असते तीही एकेका पायरीवर गळत जाते, हे मात्र कोणी पाहत नाही. वॉरंटी संपते, पूर्ण विमा जाऊन फक्त तृतीयपक्षाचा उरतो, कंपनीचे सर्व्हिस सेंटर दूर पडते. शेवटी उरतात तो मिस्त्री, स्पेअरपार्टच्या दुकानाचा काउंटर आणि मालकाचा खिसा.

जळकोट हे या उतरंडीच्या तळाकडचे गाव. १९९९ मध्ये तालुका झाले, तरी आजही मोठ्या कामाला उदगीर नाही तर लातूर गाठावे लागते. रेल्वे पाहायची तरी उदगीरलाच. शेजारी नांदेड जिल्ह्यातले मुखेड आणि कंधार, मधे बालाघाटाची चढउतार. सोयाबीन-तुरीची पोती उदगीरच्या मोंढ्यात न्यायची, हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला देवणी किंवा लाल कंधारी जनावर न्यायचे, खत-बियाणे आणायचे, लग्नाचे मांडवसामान वाहायचे, ही सगळी कामे पिकअप करते. कायद्याने मालवाहू गाडीत माणसे बसवता येत नाहीत. तरीही सुगीत पहाटे शेतमजूर बाया पाठीमागे उभ्याने जातात, हे रस्त्यावरचे सर्वांना ठाऊक असलेले दृश्य आहे. म्हणून अशा गाडीचा एखादा सुटा भाग कुठून, कसा आणि किती रुपयांना निवडला जातो, हा केवळ मालकाचा खासगी प्रश्न राहत नाही.

असा एक भाग म्हणजे स्टेअरिंगचा मधला शाफ्ट. आपल्याकडे त्याला सरळ ‘दांडा’ म्हणतात. चालकाच्या हातातले चाक वर, आणि पुढची चाके वळवणारी स्टेअरिंग पेटी खाली इंजिनाच्या बाजूला, चासीवर. या दोहोंना जोडणारा हातभर लांबीचा हा लोखंडी तुकडा. चाक आणि पेटी एका रेषेत नसतात, म्हणून दांड्याच्या टोकांना क्रॉसचे सांधे असतात. काही जुन्या गाड्यांत एका टोकाला रबराचे कपलिंग असते. इंजिनाची धग, रस्त्याचा फुफाटा आणि पावसाळ्यातला चिखल यांच्यात हा सांधा वर्षानुवर्षे फिरतो. ब्रेक गेला तर गिअर आहे, हँडब्रेक आहे. हा दांडा सुटला तर हातातले चाक फिरते आणि गाडी आपल्या मनाने जाते. त्याला दुसरा पर्याय नाही.

दांडा एकाएकी दगा देतो असे सहसा होत नाही. आधी तो सांगत असतो. खड्ड्यातून जाताना चाकात ‘कट’ असा आवाज येतो. चाक थोडे फिरवले तरी गाडी ऐकत नाही. किंवा याच्या उलट, सांधा गंजून धरतो आणि वळण घेतल्यावर चाक आपसूक सरळ होत नाही. यावर आपल्याकडचा पहिला उपाय म्हणजे सवय करून घेणे. “मालक, चालतंय की अजून,” हे वाक्य मिस्त्रीही म्हणतो आणि ड्रायव्हरही. चालते खरेच, बराच काळ चालते. मोडेपर्यंत चालणे हाच तर यंत्राचा स्वभाव.

मात्र खडखडाट झाला की दांडाच गेला असे समजून दुकानाकडे पळण्यातही अर्थ नाही. टायरॉडचे शेवट, किंगपिन, पेटीतले दाते, यांपैकी काहीही झिजलेले असू शकते. खात्री करायला यंत्रे लागत नाहीत. एकाने चाक थोडे डावी-उजवीकडे हलवत राहावे, दुसऱ्याने खाली सांध्यावर बोटे ठेवावीत, एक बोट सांध्याच्या वर, एक खाली. वरची बाजू फिरली आणि खालची क्षणभर मागे राहिली, तर झीज त्या सांध्यात आहे. दोन्ही बाजू बरोबर फिरत असतील तर दांडा बिचारा निर्दोष आहे, शोध पुढे न्यावा. पाच मिनिटांचे हे काम न करता भाग बदलण्याची पद्धत मात्र सर्वत्र आहे. त्यात दोन भागांचे पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो.

दांडा खरोखर गेला असेल तर पुढे काय? चार वाटा असतात. पहिली, कंपनीच्या खोक्यातला भाग. दुसरी, गाडी कंपन्यांना स्टेअरिंगचे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांनी आपल्या नावाने बाजारात आणलेला. अशा कारखान्यांची परंपरा आपल्याकडे लहान नाही. मद्रासची राणे कंपनी आहे, आणि पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला, जे गाव आपण संभाजीराजांच्या समाधीसाठी ओळखतो, तिथे स्टेअरिंग गिअर बनवणारा मोठा कारखाना आहे. तिसरी वाट बिननावाच्या किंवा नावाची नक्कल केलेल्या मालाची. चौथी भंगारातून काढलेल्या जुन्या भागाची. आणि या चारही वाटा महाग वाटल्या तर पाचवी असते: जुनाच दांडा लेथवर कापून, मधे पाइप घालून वेल्डिंग करणे.

काउंटरवर हे प्रकार ‘कंपनीचा’, ‘चांगल्यातला’ आणि ‘चालू’ अशा तीन शब्दांत मांडले जातात. दुकानदार हातात घेऊन तिघांतला फरक दाखवू शकत नाही, कारण फरक पोलादाच्या जातीत, त्याला दिलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेत आणि क्रॉसच्या आतल्या बारीक सुयांच्या बेअरिंगमध्ये असतो. काळा रंग तिघांनाही सारखाच असतो. अशा वेळी ग्राहकाजवळ किंमत ही एकच माहिती उरते, आणि सोयाबीनचा भाव पडलेल्या साली ती काय निर्णय करवते हे सांगायला नको. ग्राहक मूर्ख असतो म्हणून स्वस्त माल घेतो, हा शहरी समज आहे. महाग माल खरोखर चांगला आहे याची खात्री देणारे काहीच त्याच्यापुढे नसते, हे त्याचे खरे कारण.

काही गोष्टी मात्र काउंटरवरही पाहता येतात. जुना दांडा काढून बरोबर नेल्याशिवाय नवा घेऊ नये. ‘अमुक मॉडेलचा द्या’ एवढे पुरत नाही. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वर्षागणिक साधे स्टेअरिंग, पॉवर स्टेअरिंग, वेगळी पेटी असे बदल होत गेलेले असतात. दोन्ही टोकांचे दाते मोजावेत, कारण एका दात्याचा फरक डोळ्याला दिसत नाही आणि हातोडीने ठोकले तर तो ‘बसतो’ही. असा ठोकून बसवलेला दांडा म्हणजे दात्यांच्या धारा मोडून बसवलेला दांडा. टोकांचा व्यास, मिटलेली आणि ओढलेली लांबी जुन्याशी जुळवावी. क्रॉस हाताने सर्व बाजूंना फिरवून पाहावा. तो घट्ट पण सारखा फिरला पाहिजे, कुठे अडकला किंवा कुठे सैल लागला तर परत द्यावा.

क्रॉसच्या सांध्याची एक गंमत आहे. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्डानोचे आणि सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचे नाव या सांध्याशी जोडलेले आहे. बाक देऊन फिरणारा असा एक सांधा गती सारखी पुढे देत नाही. बाक ३० अंशांचा असेल, तर एका फेरीत दोनदा तो सुमारे १५ टक्के जलद आणि दोनदा सुमारे १३ टक्के सावकाश फिरतो. दुसरा सांधा नेमका उलट वागून ही चूक फेडतो, पण त्यासाठी दांड्याच्या दोन्ही टोकांची दुबेळक्यासारखी योके एका पातळीत असावी लागतात. दोन तुकड्यांचा दांडा सोडून पुन्हा जोडताना ती वाकडी बसली, तर चाक एका फेरीत कुठे जड, कुठे हलके लागते. मग मिस्त्री पेटीला दोष देतो. जोडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खडूने किंवा पंचने खूण केली असती तर काम भागले असते.

वेल्डिंगबद्दल मात्र मऊ बोलण्याची सोय नाही. आपले मिस्त्री कुशल आहेत. शाळेची पायरी न चढलेला माणूस नुसत्या कानाने इंजिनाचा दोष ओळखतो, हे मराठवाड्यात कोणीही पाहिलेले असेल. पण वेल्डिंगच्या धगीने कडक पोलादाचा गुण जातो, जोडाच्या शेजारी ठिसूळ पट्टा तयार होतो, आणि तो तुटतो तेव्हा आधी आवाज देत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जुन्या जीपगाड्यांत चाकापासून पेटीपर्यंत एकच सलग दांडा असे. समोरून धडक बसली की तो भाल्यासारखा चालकाच्या छातीत येई. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये अमेरिकी मोटार उद्योगाला हादरवणारे जे पुस्तक लिहिले, त्यात या दांड्याचाही पंचनामा होता. १ जानेवारी १९६८ पासून तिथे नियम आला, की ताशी ३० मैलांच्या धडकेत स्टेअरिंगचा दांडा पाच इंचांपेक्षा जास्त मागे सरकता कामा नये. दोन तुकडे एकमेकांत सरकणारा, धडकेत मिटणारा दांडा जगभर रूढ होण्यामागे हा इतिहास आहे. आपण त्याच्या मधे पाइप घालून त्याला सलग करतो, तेव्हा दोनतीनशे रुपये वाचवून तो जुना भाला पुन्हा बसवून घेतो.

भंगारातल्या भागाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. बिननावाच्या नव्या दांड्यापेक्षा, त्याच मॉडेलच्या गाडीतून निघालेला, सांधे घट्ट असलेला कंपनीचा जुना दांडा अनेकदा बरा. अट एकच. ज्या गाडीतून तो काढला ती समोरून ठोकलेली नसावी. ती भंगारवाल्याच्या आवारात उभी असेल तर तिचे तोंड स्वतः पाहावे. नुसत्या तोंडी ग्वाहीवर घेऊ नये, कारण एकदा मिटलेला आणि ओढून सरळ केलेला दांडा ओळखणे कठीण असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातला ९८ वा नियम सांगतो की स्टेअरिंग सुस्थितीत असावे आणि चाकातली मोकळीक ३० अंशांहून जास्त नसावी, सांध्यांना रबरी टोप्या असाव्यात, बोल्ट-पिना निसटणार नाहीत अशा अडकवलेल्या असाव्यात. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ३० अंश म्हणजे कडेने मोजले तर साडेदहा सेंटिमीटर, चांगला चार बोटांहून अधिक. कायदा इतका उदार आहे, आणि तरीही या उदार मर्यादेच्या पलीकडच्या गाड्या रस्त्यावर दिसतातच. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पण तपासणीच्या दिवशी गाडी कशी आहे एवढेच ते प्रमाणपत्र सांगते. पुढच्या आठवड्यात काउंटरवरून कोणता भाग आला याचा त्याला पत्ता नसतो.

गाडीतच मूळ दोष असेल तर कंपनीने ती परत बोलवावी, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली आणि १ एप्रिल २०२१ पासून तिचे नियम लागू झाले. जुलै २०२३ मध्ये मारुतीने एस-प्रेसो आणि ईको या गाड्या, एकूण ८७,५९९, स्टेअरिंगच्या टायरॉडमधल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या, आणि सदोष भाग फुकट बदलून देण्याचे जाहीर केले. चांगली गोष्ट आहे. पण सक्तीने परत बोलावण्याच्या या नियमांत वयाची मर्यादा सात वर्षे आहे. म्हणजे गाडी तिसऱ्या हाती जाईपर्यंत ही दारेही बंद होतात. त्याच दुरुस्तीने १८२-अ हे कलम आणले. सुरक्षेसाठी निर्णायक म्हणून सरकारने अधिसूचित केलेला भाग नियमांत न बसणारा असून विकला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. कलम कडक आहे. त्याची सारी मदार ‘अधिसूचित केलेला’ या दोन शब्दांवर आहे, आणि त्यानंतर तालुक्याच्या दुकानात जाऊन खोके उघडून पाहणारा माणूस कोण, या प्रश्नावर. परिवहन खात्याचा निरीक्षक रस्त्यावर गाडी थांबवतो. काउंटरमागच्या फळीवर काय आहे हे पाहायला कोणी आलेले निदान आमच्या पाहण्यात नाही.

कंपन्या म्हणतील, आमचाच भाग घ्या. बरोबर आहे. पण तो मिळू देता का? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी टाटा, महिंद्र, मारुतीसह १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणाने. मूळ सुटे भाग आणि तपासणीची साधने त्यांनी खुल्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्यांना मिळू दिली नाहीत, असे आयोगाने म्हटले. प्रकरण कारगाड्यांचे होते, आणि पुढे अपिले होऊन काही कंपन्यांचा दंड डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने घटवला, तरी मूळ मुद्दा पिकअपलाही लागू पडतो. ज्या कंपनीची गाडी घेतली तिच्या सुट्या भागांच्या बाजारात ग्राहक बंदिवान असतो. अस्सल भाग दुर्मीळ आणि महाग ठेवला की नकलीसाठी जागा आपोआप तयार होते. नक्कल करणारा गुन्हेगार खराच, पण त्याची बाजारपेठ कोणी उभी करून दिली हेही विचारायला हवे. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने एक संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारीही आहेत. त्या हक्काची खूण जळकोटच्या काउंटरवर दिसायची तर बंद झालेल्या मॉडेलचे भागही किती वर्षे मिळत राहतील हे कंपनीला लिहून द्यावे लागेल.

आता थोडे पैशाचे. बँकेच्या खुर्चीत असताना वाहनकर्जाची प्रकरणे पुष्कळ हाताखालून गेली. गाडीची पाहणी करताना आम्ही इंजिन नंबर, चासी नंबर, टायर, बॉडी पाहत असू. स्टेअरिंगखाली वाकून पाहिल्याचे एकही प्रकरण आठवत नाही. तारण म्हणजे विकून काय येईल तेवढेच, आणि दांड्याने ते बदलत नाही. विम्याचे गणितही असेच. पूर्ण विमा असला तरी झीज आणि यांत्रिक बिघाड त्यात येत नाहीत. अपघातात धातूचा भाग मोडला तर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापतात: पाच ते दहा वर्षे वयाला ४० टक्के, दहा वर्षांवर ५० टक्के. म्हणजे जुन्या गाडीच्या मालकाला अस्सल भागाचे अर्धे पैसे स्वतःच भरावे लागतात, तेही विमा असला तर.

बिल हा याच हिशेबातला दुसरा भाग. मोटारीच्या सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता, तेव्हा “बिल पाहिजे का?” या प्रश्नाचा अर्थ ‘चौथाईहून जास्त पैसे जादा देता का?’ असाच होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर १८ टक्के झाला. दहा टक्क्यांची ही सवलत मालकाने बिल घेण्यात खर्च करावी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्यात सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकाबरोबर विक्रेता आणि दुरुस्ती करणाराही, ठरावीक परिस्थितीत, भरपाईला बांधील होऊ शकतो. पण भाग कोणाकडून घेतला हे आधी सिद्ध करावे लागते. बिलावर दुकानाचे नाव, बनवणाऱ्याचे नाव आणि भागाचा क्रमांक असला पाहिजे. ‘स्टे. रॉड – १ नग’ एवढ्या नोंदीने काही साधत नाही.

सरकारचे धोरण जुन्या गाड्या रस्त्यावरून काढण्याचे आहे. १३ ऑगस्ट २०२१ रोजी मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील ट्रक आणि बसच्या योग्यता प्रमाणपत्राचे शुल्क दीड हजारावरून साडेबारा हजार झाले, हलक्या मालवाहू गाड्यांचेही कित्येक पटींनी वाढले. धुराचा आणि सुरक्षेचा विचार करता हेतू चुकीचा नाही. परंतु परिणाम कोणावर होतो? नवी पिकअप घेण्याची ऐपत असती तर माणसाने पंधरा वर्षांची घेतलीच नसती. तो गाडी मोडीत देत नाही. वाढीव शुल्काचे पैसे तो दुरुस्तीतून कापतो, नाहीतर प्रमाणपत्राचीच टाळाटाळ करतो. जुन्या गाडीवर कर वाढवणे सोपे असते. त्या गाडीत बसणारा पाच-दहा प्रकारचा जीवघेणा माल, म्हणजे स्टेअरिंगचे आणि ब्रेकचे भाग, ओळखता येईल असा शिक्क्याचा करणे आणि वर्षातून दोनदा तालुक्याच्या दुकानांतून त्याची तपासणी करणे, हे काम कमी खर्चाचे आहे. परिवहन खात्याची शिबिरे परवान्यांसाठी तालुक्यांना भरतात. त्याच मांडवात एक खड्डा खणून खालून स्टेअरिंग पाहून देण्याची, दंड न करता फक्त पाहून देण्याची, सोय करायला कोणत्या अध्यादेशाची गरज आहे?

तोपर्यंत मालकानेच पाहायचे आहे. दांडा काढताना पुढची चाके सरळ ठेवून हातातले चाक दोरीने बांधावे. नवा बसवताना आवळायचा बोल्ट दांड्यावरच्या खाचेतून सहज, न ठोकता, गेला पाहिजे. तो जात नसेल तर दांडा पुरता आत बसलेला नाही. बोल्ट आणि लॉकनट नवे घ्यावेत, जुन्यांचे पैसे वाचवू नयेत. आवळल्यावर बोल्टच्या डोक्यावरून सांध्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढावी. पुढची चाके जॅकवर उचलून या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टेअरिंग फिरवून पाहावे, कुठे घासते का, अडते का. मग रिकाम्या गाडीने उदगीरची एक खेप करून यावी आणि घरी आल्यावर बॉनेट उघडून ती रेघ पाहावी. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला आहे. दुसऱ्या दिवशीचे भाडे त्या गाडीने घेऊ नये.